रिम्शाच्या सुया, तात्यांचा पहारा

सप्ताहात वीणा खाली ठेवायची नाही. मारुतीच्या देवळात पहिल्या दिवशी ती एकाच्या गळ्यात पडते, ती थेट काल्याच्या कीर्तनापर्यंत कुणा ना कुणाच्या गळ्यातच असते. चैत्राचं ऊन असो की मध्यरात्र, एक माणूस उभा असतो आणि तार वाजत असते. घेणारा येतो, वीणेला हात लावून उभ्या माणसाच्या पाया पडतो. देणाराही वाकून त्याच्या पाया पडतो. मग पट्टा एका मानेवरून दुसऱ्या मानेवर जातो. मध्ये जमीन येत नाही.

गेल्या वर्षी ती आली.

वीणा तात्यांच्या गळ्यात होती. तात्या म्हणजे माझे मालक, उखा. सगळं लोणखेडं त्यांना तात्या म्हणतं, लेक झाल्यापासून मीही तेच म्हणते. शेवटच्या दिवसाचा सकाळचा पहारा, काल्याच्या आधीचा, कितीतरी वर्षं त्यांचाच. तो संपला तेव्हा वीणा घ्यायला त्यांचा पुतण्या योगेंद्र आला. तो पाया पडला. तात्या वाकले आणि वर येता येता झोक गेला. पट्टा अर्धा त्यांच्या मानेवर, अर्धा योगेंद्रच्या हातात. योगेंद्रनं माणूस धरला, दोन्ही धरणं त्याला जमलं नाही. वीणेचा भोपळा फरशीला टेकला. आवाज असा काही नव्हता, पाटावर वाटी ठेवावी तेवढाच. पण टाळ थांबले.

कुणी बोल लावला नाही. वीणेला चरासुद्धा गेला नव्हता. काल्याचं कीर्तन झालं, दहीहंडी फुटली, पंगती उठल्या. तात्या घरी खाटेवर पडून होते. मी जवळ गेले तशी त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

"देवनी माले ढकलं," एवढंच म्हणाले.

चक्कर त्याच्याही आधीपासून येत होती, हे मला तेव्हा कळलं. मोटरीचं बटण दाबायला वाकले की येई, वर पपईला बघितलं की येई, मान झटकन वळवली की येई. सांगितलं नव्हतं. योगेंद्रनं गाडी काढून धुळ्याला नेलं. तिथं मानेचे, डोक्याचे फोटो काढले. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणारी मानेतली एक नळी अरुंद झाली आहे, रक्त कमी पडतं म्हणून घेरी येते. रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या दिल्या, त्या कायमच्या. ऑपरेशनची गरज नाही म्हणाले, तेव्हा मी तिथंच हात जोडले.

गोळ्या सुरू झाल्या. घेरी काही जाईना. सकाळी उठताना तात्या खाटेचा दांडा दोन्ही हातांनी धरत. "अवं, खाट धर. घर फिरी ऱ्हायनं," म्हणत. मी खाट धरी. खाट धरून घर थांबत नाही हे मलाही कळत होतं, पण मी धरी.

आणि देवळात जाणं बंद झालं. देवळापुढच्या रस्त्यानंसुद्धा जात नसत, मागच्या गल्लीनं शेतात जात. त्यांना एकट्याला घरी सोडवत नव्हतं, म्हणून माझंही बंद झालं. मला कीर्तनाचं वेड लहानपणापासून. माझी आई म्हणायची, हिला टाळाच्या पिशवीतच जन्म दिलाय. महाराजांनी एक चाल वर चढवावी, टाळकऱ्यांनी ती उचलावी, मृदंग अंगावर यावा आणि मग अचानक सगळं थांबून नुसती वीणा मागं उरावी. त्या घडीला मी कुठं बसलेय, उद्या भाजी काय करायची, गुडघा दुखतोय, काही म्हणून आठवत नाही. देव दिसत असेल तर तो तेवढ्याच फटीतून दिसत असावा. मागच्या आखाडात देवळात कीर्तन होतं, कर्ण्यावरून थेट आमच्या अंगणापर्यंत ऐकू येत होतं. मी परात घेऊन ओट्यावर बसले. तात्या उठले, भिंत धरत धरत आले आणि खिडकी लावून घेतली. मी पीठ मळत राहिले.

रिम्शाकडं आम्ही गेलो ते उशीपायी. डॉक्टरांनी उशी पातळ वापरायला सांगितली होती, म्हणून मी जुनी उशी घेऊन शहाद्याला वाहिदभाईंच्या दुकानात गेले. वाहिदभाई पिंजारी. आमच्या काजलच्या लग्नातली गादी त्यांनीच भरलेली. उशी पातळ कशाला, असं त्यांनी विचारलं आणि मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वीणेचंही सांगितलं. त्यांनी हातातला कापूस खाली ठेवला. म्हणाले, माझी रिम्शा पुण्याहून सुयांचं, ते ॲक्युपंक्चर म्हणतात ते, शिकून आली आहे, दुकानाच्या मागच्या खोलीत बसते, डॉक्टरांचे कागद घेऊन या, ती बघेल आणि तिच्या हातातलं नसेल तर तसं सांगेल.

घरी येऊन तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "मी काय गोधडी शे का, सुया टोचाले?"

तरी आले. यायचं कारण त्यांनी सांगितलं नाही, मला ठाऊक होतं. सप्ताह तीन महिन्यांवर आला होता.

रिम्शा आमच्या काजलपेक्षा लहान. डोक्यावर ओढणी, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. तिनं आधी कागद वाचले, धुळ्याच्या डॉक्टरांना माझ्यासमोर फोन लावला, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर सुया चालतील ना हे विचारून घेतलं. मग तात्यांना म्हणाली की गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, सुया गोळ्यांच्या जागी नाहीत, सोबतीला आहेत. तात्यांनी विचारलं, सुईनं रक्त कसं वाढेल, सुईनं तर रक्त निघतं. ती हसली. तुमच्याकडं पपईला ठिबक आहे ना, म्हणाली. नळी कुठं दबली, दाब कमी पडला, तर पहिलं कुठलं झाड वाळतं?

"शेवटलं," तात्या म्हणाले.

तसंच तुमच्या डोक्याचा मागचा भाग म्हणजे शेवटचं झाड आहे, असं तिनं सांगितलं. मान आखडून राहते, नळ्या आवळतात, तिथवर पोचता पोचता दाब संपतो. योग्य जागी सुई लागली की आखडलेलं सैल होतं, बारीक नळ्या थोड्या उघडतात, रक्त जरा मोकळं जातं असं दिसून आलं आहे. सगळ्यांना गुण येतो असं नाही, खात्री मी देत नाही, महिनाभर बघू. आणि मग तिनं दोनदा बजावलं, की सुयांना येताना पोटभर खाऊन यायचं.

बाहेर वाहिदभाई गादी शिवत होते. तात्यांचा उतरलेला चेहरा बघून म्हणाले, "तात्या, मी गादीमा सुई घालस, हाई माणूसमा घालस. मन्ही गादी कधी बोंबलनी नही. तुम्ही काय बोंबलशात?"

पहिल्या सुयांच्या दिवशी तात्यांनी पहाटे गार पाण्यानं आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले, कपाळी बुक्का लावला. मी थालीपीठ आणि दही समोर ठेवलं आणि पाणी भरायला गेले. परत आले तर ताट रिकामं होतं. मी मनात म्हटलं, बरं झालं.

खोलीत त्यांना पालथं झोपवलं, तोंडाला भोक असलेली उशी दिली. रिम्शानं मानेच्या वर, कवटीच्या खालच्या दोन खळग्यांत सुया लावल्या. केसाएवढ्या बारीक. टाळूवर एक, मनगटांजवळ, गुडघ्यांखाली. तात्या हूं की चूं नाही. मी पायाशी बसून मनातल्या मनात नाम घेत होते. थोड्या वेळानं मला त्यांच्या पोटरीवर घाम दिसला. जानेवारीची थंडी आणि पोटरीवर घाम. मी रिम्शाकडं बघितलं, तोवर ती उठली होती. तिनं भराभर सुया काढल्या, त्यांना सरळ केलं, पाय उशीवर उंच घेतले. चेहरा पांढरा पडला होता, ओठसुद्धा. मी "तात्या, तात्या" म्हणत राहिले. तिनं वडलांना हाक दिली तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता.

वाहिदभाई तसेच धावत आले, साखरपाण्याचा पेला घेऊन. केसांवर, भुवयांवर, दाढीवर कापूस. तात्यांनी डोळे उघडले, समोर तो सगळा पांढराशुभ्र माणूस दिसला. बराच वेळ बघत राहिले.

"वाहिदभाई," म्हणाले, "तू बी वर उना का?"

वाहिदभाई हसता हसता खाली बसले. मी हसले आणि रडले. रिम्शा हसली नाही. तिनं त्यांची नाडी धरून ठेवली होती. सकाळी काय खाल्लं, असं तिनं विचारलं. मी म्हटलं थालीपीठ, दही. तिनं पुन्हा विचारलं, या खेपेला तात्यांकडं बघून. तेव्हा कळलं की थालीपीठ म्हशीनं खाल्लं. आणि आदल्या दिवशीची एकादशी त्यांनी निर्जळी धरली होती. सुया म्हणजे त्यांनी अनुष्ठान मानलं होतं. देवाच्या कामाला रिकाम्या पोटी जायचं असतं, ही त्यांची पहिल्यापासूनची रीत. मुलीनं खाऊन या म्हटलं ते आपलं डॉक्टर लोक म्हणतात तसं, असं त्यांना वाटलं होतं.

रिम्शा स्टूल ओढून त्यांच्या डोक्याशी बसली. गेल्या वर्षी वीणा धरली होती तेव्हाही असंच का, म्हणाली.

तेव्हाही तसंच. आठवडाभर एक वेळ दूध आणि केळं. आणि पहाऱ्याच्या आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब नाही. वीणा गळ्यात असताना लघवीला जावं लागू नये म्हणून. तोंडाला काही लावायचं नाही, ही तर पहाऱ्याची रीतच. मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं राहिले, एका ताटात जेवले, मला हे पाण्याचं ठाऊक नव्हतं.

रिम्शानं ऐकून घेतलं. चैत्राचं ऊन, अंगात पाणी नाही, पोटात अन्न नाही, दाब आधीच खाली गेलेला, त्यात अरुंद नळी आणि त्यात वाकून झटकन वर येणं. ती हे एकेक सांगत गेली आणि तात्या छताकडं बघत ऐकत गेले. ती थांबली. दुकानातून पिंजण्याच्या यंत्राची घरघर येत होती.

"म्हंजे," तात्या म्हणाले, आणि थांबले. मग म्हणाले, "म्हंजे त्या दिन देवनी माले ढकलं नही?"

इतका वेळ रिम्शा शाळेतल्यासारखं बोलत होती, आता तिचं घरचं बोलणं आलं.

"देवनं माले काय ठाऊक, तात्या. मी रगतनं सांगू शकस. रगत वर पोचनं नही, म्हनीसन तुम्ही पडनात."

तात्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांच्या कडांनी पाणी कानांत गेलं. मी पदरानं पुसलं, त्यांनी पुसू दिलं.

पण समजणं वेगळं आणि गळ्याखाली घास उतरणं वेगळं. पुढच्या खेपेला मी ताट ठेवलं तर म्हणाले, सुयांहून आल्यावर खातो. मी रागावले, विनवलं, रिम्शाचं नाव सांगितलं. मान हलवत राहिले. जन्मभराची सवय, ती माझ्या रागानं थोडीच जाणार. मी ताट उचललं आणि आत देवापुढं ठेवलं. भाकरी, वांग्याचं भरीत, वाटीत डाळ. पाण्याचं चौकोनी मंडल केलं, तुळशीचं पान ठेवलं, डोळे मिटून नैवेद्य दाखवला. घंटी वाजवली, ती जरा जोरातच. आणि तेच ताट त्यांच्यापुढं आणून ठेवलं.

"परसाद शे," म्हटलं. "आते म्हना नही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग ताटाकडं बघितलं. प्रसादाला नाही म्हणणारा माणूस आमच्या घराण्यात झालेला नाही. "लई शानी शे तू," असं पुटपुटले आणि भाकरी मोडली. त्या दिवसापासून सुयांच्या प्रत्येक सकाळी मारुतीरायानं आमच्या घरी भरपेट जेवण केलं, आणि पाण्याचा तांब्याही त्याच्यापुढंच जाऊन यायचा.

सुया चालू राहिल्या. एकदम काही झालं नाही. पहिले दोन आठवडे तर मला वाटलं, नुसत्या फेऱ्या चालल्यात. मग एका पहाटे मला जाग आली ती तात्यांच्या खोकण्यानं. ते कुशीवर वळून खोकत होते. वळले होते, आणि दांडा धरला नव्हता. मी पडून राहिले, हललेही नाही, जणू हलले तर ते मोडेल. त्यानंतर न्हाव्यानं ओट्यावर त्यांची दाढी केली तेव्हा हनुवटी वर करून, डोकं मागं टाकून बसले. आधी ते असं बसूच शकत नसत, चंदन न्हावी बिचारा खाली बसून, वाकडा होऊन वस्तरा चालवायचा. तो म्हणाला, "तात्या, मन्ही कंबर वाची."

मध्येच मागं सरलं. पुरुषोत्तमनगरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरनं मागून भोंगा दिला, तात्यांनी मान झटक्यात वळवली आणि बांधावर बसावं लागलं. घरी आले ते तोंड पाडून. रिम्शा म्हणाली, होणारच, नळी काही नवी झालेली नाही, पण आधी किती वेळ फिरायचं आणि आज किती वेळ फिरलं? तात्यांनी विचार केला. म्हणाले, आधी दुपार जायची, आज विडी पेटवायला लागते तेवढा वेळ. तेव्हा ती म्हणाली, मग तोंड कशाला पाडलंय. आणि विड्या कुणाच्या पेटवता, असंही विचारलं. तात्यांनी योगेंद्रचं नाव सांगितलं.

सुया लागलेल्या असताना अर्धा तास नुसतं पडून राहायचं असतं. एकदा रिम्शानं विचारलं, मोबाइलवर काही लावू का, तुम्हांला काय आवडतं. मी मान खाली घातली. पण तिला ठाऊक होतं, वाहिदभाईंनी सांगितलं असणार. तिनं शोधून एक कीर्तन लावलं, आवाज बारीक ठेवला आणि बाहेर निघून गेली. मी त्यांच्याकडं बघत राहिले, आता हात हलवून बंद करायला लावतील म्हणून. टाळ वाजले. मृदंग आला. मग सगळं थांबून वीणा उरली. टेबलाच्या कडेवरून लोंबणारा तात्यांचा उजवा हात, मनगटाजवळ सुई असलेला, त्याचं बोट हळूच हलायला लागलं. तारेवरून फिरावं तसं. सुई हलू नये एवढ्या जपून.

चैत्र लागला. देवळाला रंग दिला, मांडव पडला, पहाऱ्यांच्या पाळ्या ठरायला लागल्या. योगेंद्र घरी आला. या पोरानं वर्षभर माझ्या मालकांना धुळ्याला, शहाद्याला नेलं-आणलं, आणि तात्या त्याच्याशी धड बोलत नसत. वीणा टेकली तेव्हा त्याचे हात तिथं होते म्हणून. तो उंबऱ्यातच बसला. म्हणाला की शेवटचा पहारा तात्यांचाच आहे, दुसऱ्या कुणाला दिलेला नाही. मग घसा साफ करून म्हणाला, "फक्त खुर्ची ठेवस. बठीसन धरा."

"वीणा उभा माणूसना गयामा ऱ्हास," तात्या म्हणाले. "मी बठनू तं ती बी बठी जाई."

मग दोघांचं लागलं. योगेंद्र म्हणाला, पुन्हा पडलात तर गाव मला विचारेल. तात्या म्हणाले, गावाला सांग, धल्ल्या म्हाताऱ्यानं ऐकलं नाही. मी मध्ये पडले नाही, कारण मला स्वतःलाच कळत नव्हतं मी कुणाच्या बाजूनं आहे. उभे राहिले नाहीत तर ते जन्मभर मागच्या गल्लीनं चालतील. आणि उभे राहिले, आणि पडले, तर फरशी आहे, कवटी आहे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आहेत.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच रिम्शाकडं गेले. तिला म्हटलं, लेकीसारखी विचारते, ते पडतील का? ती सुयांची डबी बंद करत होती. बराच वेळ ती डबीच बंद करत राहिली.

मला सांगता येणार नाही, काकू, असं म्हणाली. मानेत आता बरीच मोकळीक आहे, सकाळी सुया लावून पाठवीन, तासभर उभे राहू शकतील असं वाटतं. वाकून पाया पडायचं नाही, हात जोडायचे. पण एक गोष्ट आहे. घेरी सांगून येते. आधी कानात भरल्यासारखं होतं, डोळ्यांपुढं काळं येतं, जीभ कोरडी पडते. त्यांना ते कळतं. ते बोलत नाहीत, एवढंच.

"त्यास्ले बोलतं करा," म्हणाली.

घरी येऊन मी तात्यांना तेवढंच सांगितलं. उभे राहा. पण जे होईल ते बोला, तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर. नाहीतर मीच येऊन खुर्ची ठेवते. संध्याकाळी ते स्वतःहून योगेंद्रच्या घरी गेले, आणि येताना दोघं बरोबर आले, पपईच्या भावाबद्दल भांडत.

शेवटचा दिवस उजाडला. मारुतीरायानं आमच्या घरी पोळी, वरण आणि ताक घेतलं, वर दोन तांबे पाणी. वाहिदभाईंच्या गाडीवर मागं बसून रिम्शा लवकरच आली, घरीच सुया लावल्या. मग आम्ही देवळात गेलो. पुढच्या रस्त्यानं.

योगेंद्रच्या गळ्यात वीणा होती. तात्या समोर उभे राहिले, हात जोडले. योगेंद्र वाकला, त्यांच्या पाया पडला आणि पुन्हा एकदा पडला. एक माझ्याकडून, एक तुमच्याकडून, असं म्हणाला असावा, कारण तात्यांच्या मिशीत हसू आलेलं मला बायकांच्या बाजूनं दिसलं. पट्टा एका मानेवरून दुसऱ्या मानेवर गेला. तार वाजली. टाळकऱ्यांनी नाम धरलं.

मी नाम घेत नव्हते, खोटं कशाला सांगू. मी त्यांच्या पायांकडं बघत होते. धोतराच्या सोग्याखाली दोन पाय, टाचा टेकलेल्या. ते हलले की मी उठणार होते. ऊन मांडवाच्या कापडातून पिवळं होऊन खाली येत होतं. गर्दी वाढली, काल्याला आजूबाजूची गावं येतात. बाजूला कीर्तनकार महाराज पागोटं बांधून तयार बसले होते. तात्यांचा पहारा अर्ध्याच्या पुढं सरकला. घाम त्यांच्या कानामागून मानेवर उतरत होता, तिथं सकाळी सुया होत्या. पाय टेकलेले होते.

मग मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं. ओठांवरून जीभ फिरवत होते. एकदा. पुन्हा एकदा.

तार वाजत होती. त्यांनी मान हळूच, रिम्शानं शिकवली तशी, माझ्या बाजूला वळवली. इतक्या माणसांत त्यांनी मला लगेच शोधलं.

"पानी," तात्या म्हणाले.

जवळच्या टाळकऱ्यांनी ऐकलं. वीणा गळ्यात असताना कुणी पाणी मागितलेलं आमच्या देवळात कुणी बघितलं नव्हतं. टाळ अडखळले. पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं दुसऱ्याकडं बघितलं. मी उठले. शेजारच्या धनुबाईंच्या पुढ्यातला तांब्या उचलला आणि चालायला लागले. पुरुषांच्या बाजूनं, टाळकऱ्यांच्या रांगांमधून. इतकी वर्षं मी तिथं कधी पाऊल टाकलं नव्हतं. पदर डोक्यावर होता की नाही तेही आठवत नाही. योगेंद्रनं एकदम मोठ्यानं नाम उचललं, वरच्या पट्टीत, आणि टाळ पुन्हा लागले.

त्यांचे दोन्ही हात वीणेला गुंतलेले. एकानं दांडा, दुसऱ्यानं तार. मी तांब्या त्यांच्या तोंडाशी नेला, एक हात हनुवटीखाली धरला. ते प्यायले. घोट घोट. मिशीवरून थोडं ओघळलं ते माझ्या मनगटावर आलं. बोट तारेवरून फिरतच होतं. सगळा तांब्या संपवला.

"गेली?" मी विचारलं.

"उनीच नही," ते म्हणाले. "येवाना पह्यले सांगं."

मी मागं वळले तर बायकांच्या बाजूनं हसण्याची लाट आली होती. समोरच्या घरातली कामिनी, जिच्या जिभेला हाड नाही, म्हणाली, "काकू, पानी तं पाजं. आते घास बी भरी द्या." धनुबाईंनी तिला कोपर मारलं आणि स्वतःच जास्त हसल्या. माझे कान तापले. मी खाली बसले, रिकामा तांब्या मांडीवर धरून.

महाराज उठले. गादीवर उभे राहिले, मागं टाळकरी सरकले आणि तात्या वीणेसह त्यांच्या उजव्या बाजूला आले. योगेंद्र वीणा घ्यायला पुढं झाला, तशी तात्यांनी त्याला डोळ्यांनीच थोडं थांब म्हटलं. महाराजांनी पहिली चाल लावली. टाळकऱ्यांनी ती उचलली, मृदंग आला, मग सगळं थांबून नुसती वीणा उरली. मी तात्यांच्या पायांकडं बघायला गेले आणि राहूनच गेलं.